तेफिलिनचा गस्सोत सेट, नागपूरच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वापरून

तेफिलिन म्हणजे तोरातले, म्हणजे आपल्या यहुदी धर्मग्रंथातले, उतारे आत ठेवलेल्या दोन कातडी पेट्या, प्रार्थनेच्या वेळी एक हातावर आणि एक डोक्यावर पट्ट्याने बांधतात, आणि गस्सोत हा त्यातला जाड कातड्याच्या पेट्यांचा प्रकार. आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. पाचपैकी चार स्टार. आतलं लिखाण आणि पेट्या, दोन्हीला पैकीच्या पैकी मार्क, एक स्टार कापला तो गाठीसाठी आणि सोबत आलेल्या माहितीपत्रकासाठी, त्याबद्दल खाली लिहितेच. मुंबई-ठाण्याबाहेर राहणाऱ्या आपल्या बेने इस्राएल (मराठी यहुदी) घरांनी, म्हणजे जिथे सोफेर (हे पवित्र लिखाण करणारा लेखनिक) नाही, मिन्यान (प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष) जमत नाही, अडलं तर विचारायला हझ्झान (प्रार्थना चालवणारा) शेजारी नाही, अशांनी हाच प्रकार घ्यावा, दोन स्वस्त सेट घेण्यापेक्षा घरात एक चांगला घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलगा तेरा वर्षांचा होणार, म्हणजे बार मित्झ्वा, त्या वयापासून तेफिलिन बांधायचं असतं, म्हणून घेतलं. घरात ह्यांच्या आजोबांचं जुनं तेफिलिन होतं, आजोबा रेल्वेत होते, अजनीला क्वार्टर होतं, ते रोज सकाळी बांधायचे, त्यांच्यानंतर मात्र वर्षानुवर्षं ते कपाटातच राहिलं, कधीतरी सणाआधी कोणीतरी काढून बांधायचं तेवढंच. सगळ्यांची इच्छा की पोराला तेच द्यावं. मी म्हटलं आधी तपासून घेऊ. शुल्हान आरूखमध्ये, म्हणजे योसेफ कारोंचा धर्मनियमांचा तो ग्रंथ जो १५६५ मध्ये व्हेनिसला छापला गेला, त्यात सरळ दिलंय की जे तेफिलिन कोशेर, म्हणजे नियमात बसणारं, ठरलंय आणि नेमाने वापरात आहे ते सारखं उघडून बघायची गरज नाही, पण जे अधूनमधूनच वापरलं जातं ते सात वर्षांत दोनदा तपासावं, कारण आत खराब झालं असण्याची भीती असते. इस्राएलमधल्या अश्दोदची आत्या आली होती, ती जाताना घेऊन गेली, तिथल्या सोफेरने शिवण उसवून बघितलं तर एका अक्षराची शाई तडकून अक्षराचे सरळ दोन तुकडे झालेले. बाकी सगळं व्यवस्थित. एक अक्षर फक्त.

आता हे ऐकल्यावर प्रत्येकजण हेच म्हणतो की मग त्या अक्षरावर पुन्हा शाई फिरवून घ्यायची ना. सेफेर तोरात, म्हणजे तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत, ते चालतं, तेफिलिन आणि मेझुझात (दाराच्या चौकटीवर लावायच्या चर्मपत्रात) नाही चालत. कारण ह्या दोन्हींतली अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानेच लिहिलेली असावी लागतात, मधलं तुटलेलं अक्षर आज लिहिलं तर ते त्याच्या पुढच्या सगळ्या अक्षरांच्या नंतर लिहिल्यासारखं होतं, क्रम मोडतो, आणि चर्मपत्र बाद. अक्षराचं मूळ रूप शाबूत असेल, नुसती शाई फिकी झाली असेल तर सोफेर बघून काही करू शकतो, पण तुकडे झाले की नाही. आजोबांची चर्मपत्रं गेनिझात, म्हणजे बाद झालेलं पवित्र लिखाण ठेवायच्या जागी, गेली, ह्यांना फार लागलं ते, दोन दिवस नीट बोलले नाहीत. म्हणून सांगते, घरात आजोबा-पणजोबांचं तेफिलिन असेल तर ते आहे तसं मुलाच्या हातावर बांधू नका, आधी उघडून बघून घ्या.

तर नवीन सेट. पेटीत काय असतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं म्हणून थोडक्यात. तोरातले चार उतारे असतात, निर्गम ह्या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायातले दोन, अनुवाद ह्या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायातली शेमा ही प्रार्थना आणि ११ व्यातला एक. हाताच्या पेटीत एकच खण, त्यात एकाच चर्मपत्रावर चारही उतारे. डोक्याच्या पेटीत चार खण, चार वेगवेगळी चर्मपत्रं. दोन्ही मिळून अक्षरं ३,१८८ आणि त्यातलं एक कमी पडलं, एक जास्त झालं किंवा शेजारशेजारची दोन एकमेकांना चिकटली की तेफिलिन पासूल, म्हणजे बाद, मग पेटी बाहेरून कितीही चकचकीत असो आणि पिशवीवर कितीही जरीकाम असो. आणि हे सगळं आत शिवून बंद, घेणाऱ्याला दिसत नाही. त्यामुळे पैसा घालायचा तो लिखाणात.

ज्या दुकानातून सेट मागवला त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, शिवण घालायच्या आधी त्यांनी प्रत्येक चर्मपत्राचे मोठे फोटो पाठवले. मी लॅपटॉपवर मोठं करून बघत बसले. डोक्याच्या प्रत्येक उताऱ्याच्या चार ओळी, हाताच्या प्रत्येक उताऱ्याच्या सात, काही ठराविक अक्षरांच्या डोक्यावर तीन बारीक उभे काटे असतात, केसाएवढे, ते एकूण एक सुटे सुटे दिसत होते, कुठेही शाई पसरलेली नाही. लिपी वेल्लिश घेतली, सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या यहुद्यांच्या, पद्धतीची, आपल्याकडे तीच बरी. तपासणी दोन प्रकारची केलेली, एकदा माणसाने आणि एकदा कॉम्प्युटर स्कॅनने, आणि दोन्ही हवीच बरं का, कॉम्प्युटर गाळलेलं किंवा दोनदा लिहिलेलं अक्षर बरोब्बर पकडतो पण अक्षराचा आकार आणि अगदी बारीक चिकटलेपण ह्यासाठी जाणत्याचीच नजर लागते. तुम्ही कुठूनही घ्या, शिवण्याआधीचे फोटो मागा, द्यायला टाळाटाळ केली तर तिथून घेऊ नका.

दुकानवाल्याने रब्बेनू तामचा दुसरा सेटही घ्या म्हणून थोडा आग्रह केला. जुने धर्मपंडित राशी (१०४० ते ११०५) आणि त्यांचे नातू रब्बेनू ताम ह्यांच्यात उतारे कोणत्या क्रमाने ठेवायचे ह्यावर मतभेद, शेवटच्या दोन उताऱ्यांची अदलाबदल. कर्तव्य पूर्ण होतं ते राशीच्या क्रमाच्या सेटनेच, दुसरा काही लोक जास्तीची भक्ती म्हणून घालतात. तेरा वर्षांच्या पोराला कशाला, आम्ही नाही घेतला.

पेट्यांचे प्रकार तीन मिळतात. सगळ्यात स्वस्त पेशुतीम, मग दक्कोत म्हणजे लहान जनावराच्या पातळ कातड्याच्या, आणि गस्सोत म्हणजे मोठ्या जनावराच्या जाड कातड्याच्या, एकाच तुकड्यातून दाबून दाबून चौकोन केलेल्या, ज्याला महिनोन् महिने जातात. पेटी आणि तिचा तळ चौकोनी असलाच पाहिजे, हा नियम सिनाय पर्वतापासून, म्हणजे मोशेपासून, चालत आलेला मानतात, कोपरे झिजून गोल झाले की प्रश्न उभा राहतो. गस्सोतचा फायदा हा की कोपरा दबला तरी सोफेर पुन्हा दाबून सरळ करू शकतो, जाड असल्यामुळे उन्हापावसाला पण टिकतं. पिशवी आणि तपासणी धरून आम्हाला ५० हजारांच्या घरात पडलं. रक्कम मोठी आहे, मान्य, पण बापलेकांनी किंवा भावाभावांनी एकच सेट आळीपाळीने घातला तर धर्माच्या दृष्टीने काहीच अडत नाही, डोक्याचा पट्टा तेवढा मापाला करून घ्यावा लागतो. म्हणून म्हटलं की दोन स्वस्त नको, एक चांगला.

आमच्याकडे मात्र बापलेकांचं जमत नाही कारण पोरगा डावखुरा. आणि इथेच तक्रार आहे. तेफिलिन दुबळ्या हातावर बांधायचं असतं, उजव्या माणसाने डाव्या हातावर, डावखुऱ्याने उजव्या हातावर, आणि हाताच्या पेटीजवळची गाठ छातीच्या, म्हणजे हृदयाच्या बाजूला यायला हवी, त्यामुळे डावखुऱ्याची गाठ उलट बाजूने बांधलेली असते. ऑर्डरमध्ये ठळक लिहूनसुद्धा गाठ उजव्या माणसाची आली! एवढे पैसे घेतल्यावर हे बरोबर नाही. व्हिडिओ कॉलवर त्यांनी ह्यांच्याकडून सोडवून परत बांधून घेतली, तास गेला, त्यांचा माणूस अजिबात चिडला नाही, शांतपणे एकेक पदर कुठून घ्यायचा दाखवत राहिला, त्याबद्दल चांगलंच बोलेन, पण मुळात चूक व्हायला नको होती.

डावखुरेपणाचा आमचा प्रश्न थोडा वाकडाही होता. पोरगा लिहितो डाव्या हाताने, बॅटिंग डाव्या हाताने, बॉलिंग मात्र उजव्या हाताने टाकतो आणि बॉल फेकतो तोही उजव्यानेच. मग दुबळा हात कोणता समजायचा? शुल्हान आरूखमध्ये लिहायचा हात एक आणि बाकी कामांचा हात दुसरा अशा माणसाबद्दल दोन मतं दिलीयत, एक म्हणतं ज्या हातात जोर कमी त्यावर बांधा, दुसरं म्हणतं लिहितो तो हात उजवा धरा आणि त्याच्या विरुद्ध हातावर बांधा, आणि रामा, म्हणजे त्या ग्रंथावर टिपा लिहिणारे धर्मगुरू मोशे इस्सेर्लेस, ह्यांनी खाली टीप दिलीये की रीत ह्या दुसऱ्या मताप्रमाणे आहे. आम्ही तरीही फोनवर रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारलं, त्यांनी पोराला चार प्रश्न विचारून उजवा हात सांगितला. तुमच्या पोराचं असं मिश्र असेल तर ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या, नंतर गाठ बदलण्याची कटकट नको.

उजव्या हातावर म्हटल्यावर आमच्याकडे अजून एक गंमत झाली, राखीपौर्णिमेला शेजारच्या ताईने पोराला राखी बांधली ती पण उजव्या मनगटावर, आणि तो काढायला तयार नाही. पेटी आणि कातडी ह्यांच्यामध्ये काहीही यायला नको हा कडक नियम, कपडा नाही, पट्टी नाही. खाली मनगटाकडच्या पट्ट्याच्या वेढ्यांच्या बाबतीत एवढी सक्ती नाही. त्यामुळे राखी वर सरकवून तो सात वेढे कोपराच्या खाली घेतो आणि भागतं. घड्याळ मात्र आम्ही काढायलाच लावतो.

दुसरी तक्रार माहितीपत्रकाची. हिब्रू आणि इंग्रजीत, आणि पद्धत दिलीये अश्केनाझी, म्हणजे जर्मनी-पोलंडकडच्या यहुद्यांची. त्यात दोन आशीर्वाद दिलेत, एक हाताला, एक डोक्याला. सेफार्दी रीतीत एकच, हाताचं घट्ट करायच्या आधी, आणि मग डोक्याचं बसेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. बोललं गेलं तरच दुसरा म्हणावा लागतो. वेढे पण आपले बाहेरच्या दिशेने, पत्रकातल्या चित्रात आतल्या दिशेने. सेट सेफार्दी विकायचा आणि कागद अश्केनाझी घालायचा, पहिल्यांदा बांधणारं पोर गोंधळणारच. आपल्या लोकांनी १८४६ मध्ये मुंबईत हगादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) मराठी भाषांतरासकट छापली होती, आणि आज तेफिलिन कसं बांधायचं ह्याचा एक साधा मराठी कागद मिळू नये ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. मी एक पान लिहून काढलंय, रब्बींकडून तपासून घेतलंय, पोराच्या पिशवीत तेच आहे.

आता वेळ. हे नागपूरकरांसाठी मुद्दाम. मुंबईच्या नातेवाइकांकडून येणारं वेळापत्रक इथे जसंच्या तसं वापरू नका, नागपूर मुंबईच्या पूर्वेला आहे, सूर्य इथे साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो आणि तसाच आधी मावळतो. तेफिलिन रात्री घालत नाहीत. सकाळी सगळ्यात लवकर कधी, तर ओळखीचा माणूस चार अम्मा म्हणजे दोनेक मीटरवरून ओळखू येईल एवढं उजाडल्यावर, सूर्योदयाच्या साधारण पाऊण तास आधी धरा. जानेवारीत इथे सूर्योदय पावणेसातच्या पुढे, पोराची व्हॅन साडेसहाला, त्यामुळे तेव्हा सहा-सव्वासहाच्या मध्ये अगदी धावपळीत बांधून होतं. राहिलंच तर सूर्यास्तापर्यंत कधीही घालता येतं, शाळेतून आल्यावर शेमा म्हणून घालतो, दिवस वाया गेला असं नाही. फक्त डिसेंबरात इथे साडेपाचलाच सूर्य जातो, ट्यूशनहून येऊन घालू म्हटलं तर हुकतं. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, आणि सणाला घालायचं नाही हे तर आहेच, म्हणूनच बार मित्झ्वा आम्ही ठाण्याला शार हशामायीम ह्या सिनेगॉगमध्ये सोमवारी केला, सोमवार-गुरुवारी तोरा वाचली जाते आणि तेफिलिनही असतं, दोन्ही एका दिवशी होतं.

उन्हाळ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण हे कोणत्याच दुकानवाल्याने सांगितलं नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. बंद गाडीत पिशवी ठेवली तर चर्मपत्र आक्रसतं, शाई तडकते, पेटीचा आकार फिरतो. गाडीत एक मिनिट पण नको. आणि उलट बाजूने कूलर, अर्ध्या नागपुरात अजून कूलरच चालतात, कूलरची हवा म्हणजे सरळ पाणी मिसळलेली हवा, आणि आमच्याकडे देवाधर्माच्या गोष्टींचं कपाट बरोब्बर कूलरच्या समोर. पिशवी तिथून हलवली, आता ती आतल्या खोलीत लाकडी कपाटात वरच्या फळीवर, कडक प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून. पावसाळ्यात चपला-बेल्टवर पांढरी बुरशी आली घरात, तेफिलिनवर नाही आली.

घाम आणि केस हा दुसरा विषय. अंघोळीनंतर ओल्या केसांवर डोक्याची पेटी ठेवू नका, तळाचं कातडं पाणी पितं आणि फुगतं. आणि खोबरेल तेल! आमच्या सासूबाई नातवाच्या डोक्यावर रोज सकाळी चांगलं चोपडून तेल घालायच्या, त्यांना समजावायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आता तेल रात्री. डोक्याची पेटी कपाळावर नाही तर केस जिथून सुरू होतात त्याच्या वर, बरोब्बर मधोमध, लहान बाळाची टाळू मऊ लागते त्या जागी यायला हवी, पोरं ती फॅशनसारखी कपाळावर सरकवतात, रोज बघावं लागतं. मागची गाठ कवटीच्या तळाशी, मानेवर नाही. डोकं वाढतं तसा पट्टा ढिला करावा लागतो, शाळेच्या वयात दर काही महिन्यांनी बघा.

पट्टे. ह्यांना साडेतीन मार्क. रुंदी चांगली, पूर्ण सेंटिमीटरच्या वर, पण दंडावर जिथे फासातून पट्टा ओढला जातो तिथे घासून काळा रंग पहिल्याच उन्हाळ्यात उडायला लागला आणि खालचं पिवळट कातडं दिसायला लागलं. पट्ट्याची बाहेरची बाजू काळीच असायला हवी, त्यामुळे हे नुसतं दिसण्याचं प्रकरण नाही. ह्यांचे एक मित्र म्हणाले, बर्डीवर नेऊन मोचीकडून पॉलिश मारून आणू का, माणूस प्रेमाने म्हणून राहिला होता पण चालत नाही. रंग तेफिलिनच्या मित्झ्वासाठी, म्हणजे धर्माज्ञेसाठी, म्हणूनच, तसं मनात धरून, यहुदी माणसाने लावायचा असतो, आणि रंगातले घटकही कोशेर हवेत, बुटाचं पॉलिश नाही. तेफिलिनसाठीचा खास मार्कर मिळतो, आत्याने पाठवला. लावायचं काम ह्यांचं किंवा पोराचं, माझं नाही, कारण बायकांवर तेफिलिन घालायचं बंधन नाही, आणि ज्याच्यावर ते बंधन नाही त्याने ते बनवण्या-दुरुस्तीच्या कामात हात घालू नये असा नियम आहे. डबा, सिलिका जेल, फोटो तपासणं, भांडण करणं एवढं माझ्याकडे.

प्रवासाचं. विदर्भ एक्सप्रेसने रात्री निघालो की सकाळी गाडीतच बांधावं लागतं, सीटवर बसून बांधलेलं चालतं, उजाडायची वाट बघायची, बर्थखाली चपलांजवळ पिशवी ठेवायची नाही, आणि टॉयलेटला जायच्या आधी काढूनच जायचं. काढताना आधी डोक्याचं, मग हाताचं. पट्ट्याला धरून खुंटीला लटकवायचं नाही, पिशवी लटकवलेली चालते. एकदा पोराच्या हातून पिशवीसकट खाली पडलं, तो रडायलाच लागला. उघडं तेफिलिन जमिनीवर पडलं तर उपास करायची रीत आहे, पिशवीत असताना पडलं तर उपास नाही, त्सेदाका, म्हणजे दान, द्यावी, त्याने स्वतःच्या खाऊच्या पैशातून दिली आणि मग कुठे हसला.

पुतण्याचा बार मित्झ्वा येतोय, त्याच्यासाठी ह्याच दुकानात हाच गस्सोत सेट सांगतेय, वेल्लिश लिपी, शिवण्याआधीचे फोटो, हात कोणता ते आत्या समोर उभी राहून दाखवणार, पट्टे ह्या वेळी दोन्ही बाजूंनी आरपार काळे असलेले घ्यायचेत, थोडे महाग पडतात पण घासले तरी पिवळं दिसत नाही. कोणाला आमचं मराठीतलं पान हवं असेल तर खाली लिहा, पाठवते.